लिंकन बोगद्याची एक नळी रेल्वेला द्यावी

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

मी मूळचा वाशीचा असून गेली अनेक वर्षे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात ईस्ट ब्रन्स्विक येथे राहतो. नोकरीसाठी आठवड्यातून चार दिवस हडसन नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरातील मॅनहॅटनला जातो. आपले दैनिक मी येथूनही नियमाने वाचतो आणि अटल सेतू, खाडीपूल, मेट्रो यांविषयीची वाचकांची पत्रे विशेष लक्षपूर्वक वाचतो. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले, सुना, जावई रोज हीच हडसन नदी ओलांडत असतील. म्हणून येथील एका प्रश्नाकडे मी आपल्या दैनिकातून लक्ष वेधू इच्छितो.

न्यू जर्सी आणि मॅनहॅटन यांच्यामधून वाहणाऱ्या या नदीखालून रेल्वेची पहिली नळी 1908 मध्ये सुरू झाली. आज ‘पाथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकल गाड्या त्या काळच्या नळ्यांतूनच धावतात. 1910 मध्ये मॅनहॅटनमधील पेन स्टेशन या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांची त्यांत भर पडली आणि तेथेच रेल्वेचे काम थांबले. त्यानंतर 1927 मध्ये हॉलंड बोगदा झाला, 1931 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन पूल झाला, 1937, 1945 आणि 1957 मध्ये लिंकन बोगद्याच्या तीन नळ्या एकेक करून खुल्या झाल्या आणि 1962 मध्ये वॉशिंग्टन पुलाला खालचा मजला जोडण्यात आला. ही सगळी कामे मोटारींसाठी होती. आज मॅनहॅटनला येणाऱ्या-जाणाऱ्या मोटारमार्गिका 24 आहेत आणि रूळमार्ग मात्र सहाच आहेत. ज्या महानगराचे सारे जीवन गर्दीच्या वेळच्या प्रवासावर चालते, त्याच्या मुख्य नदीवर शंभराहून अधिक वर्षांत रेल्वेचा एकही नवा मार्ग पडला नाही, ही गोष्ट मला येथे आल्यापासून अस्वस्थ करीत आली आहे.

ईस्ट ब्रन्स्विकला रेल्वे स्थानक नाही. आमच्यासारख्या गावांतील लोक बसने जातात. सकाळी सहा ते दहा या वेळेत लिंकन बोगद्याकडे येणाऱ्या 495 क्रमांकाच्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूची एक मार्गिका काढून घेऊन ती फक्त बसना देण्यात येते. ही मार्गिका जेमतेम अडीच मैलांची आहे. 1970 च्या डिसेंबरमध्ये तो एक प्रयोग म्हणून सुरू झाला आणि पुढे कायम झाला. करोनापूर्व काळात या एका मार्गिकेतून रोज सकाळी सुमारे 1,850 बस आणि 70,000 प्रवासी जात असत. चार तासांच्या सरासरीने पाहिले तर दर आठ सेकंदांना एक बस होते. मोटारींची अशी कोणतीही मार्गिका याच्या जवळपासही जाऊ शकत नाही. मी स्वतः तिचा लाभार्थी असल्याने तिच्याविषयी कृतज्ञतेनेच लिहितो. पण या व्यवस्थेची मर्यादाही मी रोज पाहतो. ती फक्त सकाळी आणि फक्त शहराकडे जाताना असते, संध्याकाळी परतणाऱ्या बससाठी तशी मार्गिका नाही. सकाळी ज्या अंतराला तासभर लागतो, त्याच अंतराला परतताना कधी पावणेदोन तास तर कधी दोन तासही लागलेले आहेत. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आमच्या मार्गावरची बस रद्द झाली, पुढची भरून आली, आणि तिसऱ्या बससाठी मॅनहॅटनमधील बस टर्मिनलच्या वरच्या मजल्यावर रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्ध सहप्रवाशाला भोवळ आली. सुदैवाने त्यांना पुढे काही झाले नाही. मात्र त्या रांगेत कोणालाही नवल वाटले नाही, याचे मला फार वाईट वाटले.

हे टर्मिनल 1950 चे आहे. करोनापूर्वी कामाच्या दिवशी तेथून अडीच लाखांहून अधिक प्रवासी ये-जा करीत असत. आता तेथे सुमारे 10 अब्ज डॉलर खर्चून नवे टर्मिनल उभारण्यात येत आहे. जुनी इमारत मोडकळीला आली आहे आणि नवी हवी याविषयी दुमत नाही. परंतु बस टर्मिनलची खरी अडचण इमारतीच्या वयापेक्षा बसच्या स्वभावात आहे. प्रत्येक बसला फलाटापाशी येऊन थांबावे लागते, तिला एकच अरुंद दार असते, एकेक प्रवासी चढतो, चालकाला तिकीट दाखवतो, मग बस बाहेर पडते. आठ सेकंदांना एक बस आत येत असेल तर त्या सगळ्यांना थांबण्यासाठी शेकडो फलाट, त्यांवरचे उतार, दिवसा उभे करण्यासाठी वाहनतळ असे सारे काही शहराच्या सर्वांत महागड्या जमिनीवर बांधावे लागते. रेल्वेची गाडी दोन्ही बाजूंच्या रुंद दारांतून अर्ध्या-पाऊण मिनिटात रिकामी होते आणि त्याच फलाटावरून परत निघते. तेवढ्याच माणसांसाठी तिला टर्मिनलच्या एखाद्या कोपऱ्याएवढी जागा पुरते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, लिंकन बोगद्याच्या तीन नळ्यांपैकी एक नळी मोटारींकडून काढून घेऊन तिच्यात दोन रूळमार्ग टाकावेत. प्रत्येक नळीत दोन मार्गिका आहेत. मधली नळी दिवसाच्या वेळेनुसार कधी शहराकडे तर कधी शहराबाहेर वळवण्यात येते. म्हणजे एका नळीची दिशा आणि उपयोग बदलण्याची सवय या बोगद्याला पूर्वीपासून आहे.

हे ऐकायला जेवढे सोपे वाटते तेवढे ते नाही, याची मला जाणीव आहे. नळीतील रस्त्याची रुंदी साडेएकवीस फूट म्हणजे सुमारे साडेसहा मीटर असून उंचीची मर्यादा 13 फूट आहे. हडसन नदीच्या न्यू जर्सीकडील काठाने 2000 सालापासून हडसन-बर्गन लाइट रेल ही ट्रामसारखी हलकी रेल्वे धावते. तिच्यासारखे डबे वापरले तर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या मध्ये आणि दोन्ही कडांना मिळून मीटरभराच्या आसपास जागा उरेल आणि छताशी विजेची तार ताणायला जागा जवळजवळ राहणार नाही. परंतु तार हा एकच मार्ग नाही. पाथच्या गाड्या तिसऱ्या रुळावरून वीज घेतात आणि त्या तर शतकापूर्वीच्या याहून कितीतरी अरुंद नळ्यांतून चालतात. टेक्सासमधील डॅलस शहरात 2015 पासून ट्रिनिटी नदीवरच्या जुन्या रस्तेपुलावरून ट्राम धावते आणि पुलावर तारा नसल्यामुळे तेवढे अंतर ती बॅटरीवर पार करते. आग लागल्यास प्रवाशांना बाहेर काढण्याची सोय, रुळांचा भार, चढ-उतार हे प्रश्न अभियंत्यांनीच मोजमाप करून सोडवायचे आहेत आणि त्यांचे उत्तर प्रतिकूल आले तर मी ते मान्य करीन. आजवर हे मोजमाप गांभीर्याने झालेले मला कोठे दिसले नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

न्यू जर्सीकडील बाजूला निसर्गाने घातलेला एक अडथळा आहे आणि त्यातून वाट काढण्याचे साधनही तेथेच तयार आहे. बोगद्याचे तोंड वीहॉकन येथे पॅलिसेड्स नावाच्या उंच कड्याच्या पायथ्याशी उघडते आणि मोटारी तेथून मोठ्या वळणावळणाच्या उड्डाणरस्त्याने कड्यावर चढतात. त्या चढावर रेल्वे नेणे व्यवहार्य नाही. मात्र तेथून थोडे उत्तरेला त्याच कड्याच्या पोटातून एक जुना रेल्वे बोगदा जातो आणि 2006 पासून हडसन-बर्गन लाइट रेल त्यातूनच कड्यापलीकडच्या नॉर्थ बर्गनमधील टॉनेल अव्हेन्यू या शेवटच्या स्थानकापर्यंत पोहोचते. म्हणजे कडा ओलांडणारे रूळ आहेत, नदी ओलांडणारी नळी आहे आणि या दोहोंच्या मध्ये नदीकाठचा एक छोटा तुकडा आहे. शहराच्या बाजूला नळी दहाव्या अव्हेन्यूच्या जवळ बाहेर पडते. तेथून 2015 मध्ये सुरू झालेले सात क्रमांकाच्या भुयारी रेल्वेचे हडसन यार्ड्स स्थानक पायी अंतरावर आहे. आमच्यासारख्या दूरच्या गावांच्या बस टॉनेल अव्हेन्यूच्या परिसरात थांबतील, प्रवासी तेथे गाडी बदलतील आणि सकाळी असो वा संध्याकाळी, नदी ठरलेल्या मिनिटांत ओलांडतील.

येथे आकड्यांविषयी प्रामाणिक राहिले पाहिजे. लाइट रेलच्या एका डब्यात उभे-बसलेले मिळून सुमारे 200 प्रवासी मावतात. दोन डब्यांची गाडी दर दोन मिनिटांनी सोडली तर तासाला 12,000 माणसे जातील. करोनापूर्व काळात बस मार्गिका सरासरीने याहून बरीच अधिक माणसे नेत होती. रुळांचे समर्थन करणारे पुष्कळ जण हा हिशेब टाळतात. गाडी चार डब्यांची केली तरच आकडा 24,000 वर जातो आणि बदल करण्याला अर्थ उरतो. तेव्हा फलाट पहिल्या दिवसापासून चार डब्यांचेच बांधावे लागतील. पुढे वाढवू असे म्हणून आखूड फलाट बांधण्याची चूक जगातील अनेक शहरांनी केली आहे, ती येथे होऊ नये.

रस्त्याचे रुळांत रूपांतर हे कोणाला अघटित वाटत असेल तर पोर्तुगालमधील पोर्तो शहराचे उदाहरण पाहावे. डोरो नदीवरच्या 1886 च्या दुमजली लोखंडी पुलाचा वरचा मजला 2003 मध्ये मोटारींना बंद करण्यात आला आणि 2005 पासून त्यावरून मेट्रो धावते. पलीकडच्या गाया या उपनगरातील लोकांची तीच आज मुख्य वाट आहे. अर्थात, पोर्तोने त्याआधी मोटारींसाठी शेजारी दुसरा पूल बांधला होता, हेही सांगितले पाहिजे. त्याच देशात लिस्बनला तेजो नदीवर 1966 मध्ये मोटारींसाठी खुल्या झालेल्या पुलाला 1999 मध्ये खालून रेल्वेचा मजला जोडण्यात आला. अमेरिकेतच सिअ‍ॅटल येथे लेक वॉशिंग्टनवरील तरंगत्या पुलाच्या मधल्या मार्गिका 2017 मध्ये मोटारींना बंद करून तेथे लाइट रेलचे रूळ टाकण्यात आले. पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होणाऱ्या पुलावर जर रूळ बसवता येतात, तर नदीच्या तळाशी गेली ऐंशी-नव्वद वर्षे स्थिर असलेल्या नळीत ते बसवण्याचा निदान अभ्यास व्हायला हरकत नसावी.

न्यूयॉर्कचा इतिहास मात्र नेमका उलट्या दिशेने गेलेला आहे आणि मला याच गोष्टीचे सर्वाधिक दुःख आहे. ब्रुकलिन पूल 1883 मध्ये खुला झाला तेव्हा काही महिन्यांतच त्यावरून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या. पुढे विजेवरच्या गाड्या आणि ट्राम आल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पूल दिवसाला चार लाखांच्या आसपास माणसे नेत होता. 1944 मध्ये त्यावरच्या गाड्या आणि 1950 मध्ये ट्राम बंद करून सगळी जागा मोटारींना देण्यात आली, आणि पूल तोच असूनही त्यावरून जाणाऱ्या माणसांची संख्या खूप घटली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर 1939 पासून खालच्या मजल्यावर गाड्या धावत होत्या. 1958 मध्ये त्या बंद करून रूळ उखडण्यात आले आणि अवघ्या सोळा वर्षांनी, 1974 मध्ये, त्याच दोन काठांना जोडण्यासाठी उपसागराच्या तळाशी प्रचंड खर्चाने नवी रेल्वे नळी टाकावी लागली. हातात असलेली वाट मोटारींना देऊन टाकायची आणि मग तीच वाट नव्याने खणायची, हा व्यवहार कोणत्याही शहराला परवडणारा नाही.

हडसनखालून नवे रूळमार्ग नेण्याचे काम चालू आहे, त्याचे मी स्वागत करतो. 1910 च्या दोन नळ्यांत 2012 च्या सँडी वादळात खारे पाणी शिरले आणि तेव्हापासून त्या आतून खराब होत आहेत. गर्दीच्या वेळी त्यांतून तासाला एका दिशेने फक्त 24 गाड्या जातात. त्याआधी आखलेला एक नवा बोगदा 2010 मध्ये न्यू जर्सीचे तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस ख्रिस्ती यांनी काम सुरू झालेले असताना रद्द केला होता. आताच्या प्रकल्पाचा खर्च 16 अब्ज डॉलर असून 2025 च्या ऑक्टोबरमध्ये संघराज्य सरकारने त्याचाही निधी रोखला. एका नव्या बोगद्याला एवढी वर्षे आणि एवढा पैसा लागतो. लिंकन बोगद्याची नळी खणलेली आहे, अस्तर केलेली आहे, तिची हवा खेळती ठेवण्याची यंत्रणाही उभी आहे. शिवाय नवा बोगदा पेन स्टेशनला जाणाऱ्या रेल्वेमार्गांवरच्या गावांचे भले करील. ज्यांच्या गावात रूळच नाहीत, त्या बसच्या प्रवाशांच्या वाट्याला त्यातून थेट काही येणार नाही.

माझ्या सूचनेवर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, आज दारापासून टर्मिनलपर्यंत एकाच बसने येणाऱ्याला मध्ये उतरून गाडी बदलावी लागेल. हा आक्षेप खरा आहे आणि मला स्वतःला तो लागू होतो. पावसात, हातात पिशवी घेऊन उतरणे कोणालाच नको असते. पण संध्याकाळचे दोन तास आणि मधली पाच मिनिटांची बदली यांत मला निवड करायला सांगितले तर मी बदलीच निवडीन, मात्र ती एकाच छताखाली आणि एकाच तिकिटावर असली पाहिजे. दुसरा, उरलेल्या चार मार्गिकांवर मोटारी आणि मालमोटारींची कोंडी होईल. मालमोटारींची सोय राखलीच पाहिजे. खाजगी मोटारींबाबत परिस्थिती बदललेली आहे. 5 जानेवारी 2025 पासून मॅनहॅटनच्या 60 व्या रस्त्याच्या दक्षिणेला येणाऱ्या मोटारींकडून गर्दीच्या वेळी 9 डॉलर आकारले जातात आणि तेव्हापासून त्या भागात येणारी वाहने कमी झाली आहेत. रस्त्यावर मोकळी झालेली जागा माणसांना द्यायची की ती हळूहळू पुन्हा मोटारींनी भरू द्यायची, हे ठरवण्याची हीच वेळ आहे. तिसरा आक्षेप कोणी उघडपणे घेणार नाही, पण मला तोच सर्वांत जड वाटतो. बोगदा, बस टर्मिनल आणि पाथ या तिन्ही गोष्टी पोर्ट ऑथॉरिटी या दोन्ही राज्यांच्या एकाच संस्थेकडे आहेत आणि बोगद्यांच्या व पुलांच्या टोलमधून ती पाथची तूट भरून काढते. एक नळी मोटारींना बंद करणे म्हणजे त्या संस्थेने आपल्याच उत्पन्नावर पाणी सोडणे होय. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी ही भरपाई केल्याखेरीज कोणतीही संस्था स्वतःहून असा निर्णय घेणार नाही, आणि तिने तो घ्यावा अशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

पैसा कोणी भरायचा याचे एक उत्तर मला माझ्या गावाच्या उदाहरणात दिसते. माझ्या लहानपणी वाशीहून मुंबईला जाण्यासाठी ठाणे खाडीवरचा रस्तेपूल एवढीच वाट होती. वडील सकाळी अंधारात बससाठी निघत आणि रात्री आम्ही भावंडे झोपल्यावर परत येत. 9 मे 1992 रोजी मानखुर्द ते वाशी लोकल सुरू झाली. त्या आठवड्यात वडील दिवेलागणीला घरी आले, तो प्रसंग आमच्या घरात अजून सांगितला जातो. त्या रेल्वेच्या खर्चाचा दोनतृतीयांश भार सिडकोने उचलला होता, कारण रेल्वे आली तरच नवी मुंबईच्या जमिनीला मोल येणार होते. वीहॉकन आणि नॉर्थ बर्गन येथील जमिनीचे मोलही रुळांमुळे असेच वाढेल आणि त्या वाढीतला वाटा या कामासाठी मागता येईल.

त्याच खाडीवर 12 जानेवारी 2024 रोजी 21.8 किलोमीटर लांबीच्या, सहा मार्गिकांच्या अटल सेतूचे उद्घाटन झाले. त्यावर रूळ नाहीत. उलव्याच्या आणि पनवेलच्या बाजूला वस्ती वाढेल तशी तेथून मुंबईकडे येणाऱ्यांची संख्याही वाढणार आहे आणि त्यांतील थोडेच जण रोज मोटारीचा टोल भरू शकतील. सेतूवरची एक मार्गिका गर्दीच्या वेळी फक्त बससाठी राखून ठेवावी आणि तिच्यावरील प्रवासी दर महिन्याला मोजावेत, अशी माझी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला विनंती आहे. तेथे पुढे रूळ लागतील की नाही हे त्या मोजणीवरूनच ठरवता येईल, आणि मार्गिका एकदा मोटारींच्या सवयीची झाली की ती परत मागणे किती कठीण असते, हे आम्ही हडसनच्या काठी अनुभवत आहोत.

लिंकन बोगद्याबाबतही सुरुवात रुळांपासून करावी असा माझा आग्रह नाही. 1970 मध्ये सकाळच्या बस मार्गिकेचा प्रयोग झाला होता, तसाच प्रयोग आता संध्याकाळसाठी करावा. सहा महिने, कामाच्या दिवशी दुपारी चार ते रात्री आठ, मधली नळी न्यू जर्सीकडे जाणाऱ्या बससाठीच राखावी, उरलेल्या दोन नळ्यांत मोटारींचे आणि मालमोटारींचे काय होते ते नोंदवावे आणि ती नोंद दोन्ही राज्यांतील नागरिकांपुढे ठेवावी. यासाठी काही फलक, काही अडथळे आणि काही वाहतूक पोलीस लागतील. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी बांधवांनी आपापल्या विधानसभा प्रतिनिधीला या मागणीचे पत्र लिहावे, अशी माझी विनंती आहे. मी माझे पत्र या आठवड्यात पाठवत आहे.

आपला नम्र,
एक वाचक
ईस्ट ब्रन्स्विक, न्यू जर्सी